मास्तरांनी बांधलेलं गवत

माझ्या मुलाचं गॅरेज सोनगीरच्या पुढे हायवेला लागून आहे. पुढे पत्र्याची शेड, मागे आमच्या दोन खोल्या. समोर ढाबा आहे, त्यामुळे ट्रकवाले जेवायला थांबतात आणि जेवता जेवता गाडीचं काही दुखणं आठवलं की इकडे येतात. पाटीवर डिझेल, टर्बो असं काहीबाही लिहिलेलं आहे. मी चौथीपर्यंत शिकले आहे, पाटी मला वाचता येते. पण टर्बो म्हणजे काय हे मी बरीच वर्षं विचारलं नाही. नवरा गेला तेव्हा मुलगा नुकता कामाला लागला होता. चूल पेटत होती, मला तेवढं पुरे होतं.

पुढे एकदा विचारलं तेव्हा त्याने लोहाराच्या भात्यावरून सांगितलं. इंजिनातून जो धूर बाहेर जातो त्याच्या जोरावर एक लहान पंखा फिरतो. तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त झाली की डिझेल जास्त जळतं, आणि चार सिलिंडरची गाडी तिच्याहून मोठ्या गाडीसारखी ओढते. पण कोंबलेली हवा तापते. तापलेली हवा कामाची नाही. म्हणून गाडीच्या नाकाशी एक जाळी असते, तिच्यातून ती हवा गार होऊन आत जाते. त्या जाळीला इंटरकूलर म्हणतात. हे सगळं मी सांगते आहे, कारण माझ्या मुलाचं लग्न त्या जाळीपाशी मोडलं.

त्याचं खरं काम गाड्यांची ताकद वाढवण्याचं. कंपनी गाडी सगळ्या मुलखांसाठी एकच बनवते, म्हणून तिला थोडी दाबून ठेवते. हा स्टिअरिंगखाली वायर लावून लॅपटॉप जोडतो आणि गाडीच्या मेंदूत हवा किती, डिझेल किती, कधी, हे बदलतो. त्याला मॅप म्हणतात. धुळ्याहून, शिरपूरहून पोरं यायची. त्यांना ताकद नको असायची, तमाशा हवा असायचा.

"भाऊ, असा काळा धूर पाहिजे की मागच्याला काही दिसलं नाही पाहिजे."

"मग डिक्कीत चूल बसव," माझा मुलगा म्हणायचा आणि हातातलं काम करत राहायचा.

त्याला रोजच्या गाड्या आवडायच्या. आत पाच माणसं, एसी चालू, पुढे कांद्याचा ट्रक, आणि लळिंगच्या घाटात गिअर न टाकता गाडी वर चढली पाहिजे. धक्का न बसता. हे तपासायला तो मला बाजूला बसवायचा. म्हणायचा, रोजची गाडी आहे तर रोजचं माणूस बसलं पाहिजे. मी लुगडं सावरून बसायची आणि तो मोकळ्या रस्त्यावर पाय दाबायचा.

"माय, मान मांगे गई का?"

"गई. धक्का बसना."

मग तो रस्त्याच्या कडेला थांबून मांडीवर लॅपटॉप घ्यायचा आणि परत बदल करायचा. माझी मान जागेवर राहिली की गाडी झाली. अशा पुष्कळ गाड्या झाल्या. तेव्हा काम होतं.

लग्न होत नव्हतं. आमच्याकडे आता मुलींचे बाप पहिला प्रश्न नोकरीचा विचारतात, दुसरा शेतीचा. आमच्याकडे दोन्ही नाही. पारोळ्याकडच्या एका बाईने मला विचारलं, "तुमच्या मुलाच्या हाताचं काळं जातं का?" मी म्हटलं, "नाही जात. तुमच्या मुलीने घासून बघावं." ते तिथेच संपलं. असं करता करता तो अडतिसाला आला. मी कोणाच्या पाया पडायला गेले नाही. तो बोलत नव्हता, पण कोणाच्या लग्नाची पत्रिका आली की ती वाचून टूलबॉक्सखाली घालायचा. मला दिसायचं.

मग पाचोऱ्याचं स्थळ आलं. मुलीचे वडील निवृत्त मास्तर, आई नाही, भावंडं नाहीत. मुलगी चौतीस वर्षांची. जळगावला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी, रोज पाचोऱ्याहून गाडीने जाते-येते. आमच्या समाजात मुलाकडच्यांनी मुलीकडे जायची रीत आहे. पण मुलीने निरोप पाठवला की मला गॅरेज बघायचं आहे, आम्हीच येतो. मास्तरांना ते आवडलं नव्हतं, हे ते गाडीतून उतरले तेव्हाच कळलं. मुलगी गाडी चालवत होती आणि ते बाजूला दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

मी वरण-बट्टी केली होती. जेवताना मास्तर मुलाला त्याचं शिक्षण विचारत होते. मुलगी मध्येच म्हणाली, "माझी गाडी रेल्वेचं फाटक उघडलं की लगेच निघत नाही. सगळे पळतात, ही आधी श्वास घेते. मागचा ट्रक हॉर्न मारतो."

"दुसऱ्या गिअरला की तिसऱ्या?"

"दोन्ही. एसी चालू असला की जास्त."

माझ्या मुलाच्या हातात बट्टीचा तुकडा होता तो हातातच राहिला. बायका त्याच्याशी असं बोलत नसत.

"आरपीएम दोन हजारला येईपर्यंत टर्बो जागा होत नाही तुमचा," तो म्हणाला. "करता येईल."

मास्तर म्हणाले, "कंपनीत शिकलेले इंजिनिअर असतात. त्यांनी विचार करूनच केली असेल गाडी. तुम्ही त्यात काय सुधारणार?"

"कंपनीने सगळ्यांसाठी केली, मास्तर. मी यांच्यासाठी करीन."

तो साधं बोलला होता. पण मास्तरांनी पाण्याचा तांब्या ताटापासून लांब सरकवला आणि नंतर काही विचारलं नाही.

दुपारी मुलगी गाडी चालवायला बसली, मी पुढे, मुलगा मागे लॅपटॉप घेऊन. मास्तर म्हणाले मी सावलीत बसतो. आम्ही सोनगीरच्या किल्ल्याखालून नरडाण्याकडे गेलो आणि परत आलो. मुलगा मागून सांगायचा, आता दाबा, आता सोडा. ती म्हणायची, "अजून श्वास घेतेय." तो म्हणायचा, "थांबा." मग परत. शेवटी एकदा तिने पाय दाबला आणि गाडी काही न बोलता पुढे गेली. ती हसली. आरशात मागे बघून म्हणाली, "हे रोज असंच राहणार?"

"तुम्ही नीट वापराल तोपर्यंत."

"आणि तुम्ही काय बघताय मावशी, माझ्याकडे?"

मी म्हटलं, "गाडी कशी चालवतेस ते बघते. बाकी काय बघायचं राहिलंय?"

ती अजून हसली. मला ती आवडली. मी हे तोंडावर सांगितलं नाही, घरी मुलाला सांगितलं. त्याने ऐकलं आणि न्हाणीघराच्या दाराची तुटलेली कडी लावून टाकली. ती दोन वर्षं तुटलेली होती.

त्यानंतर थंडीत त्यांचे फोन चालू झाले. तो फोनवर गाडीचंच बोलायचा. डिझेल कुठल्या पंपावर भरलं, मायलेज किती आलं, सकाळी आवाज कसा आहे. मी भाजी निवडत ऐकायची. मला वाटायचं, हा मूर्ख कधी दुसरं काही विचारेल? पण ती अर्धा अर्धा तास बोलायची, म्हणजे तिला चालत असावं. मास्तरांना मी दोनदा विचारलं, तारीख काढू या का. ते म्हणाले, उन्हाळा सरल्यावर बघू. मी दोन्ही खोल्यांना चुना मारून घेतला.

आता मास्तरांनी काय केलं ते सांगते. हे मला नंतर कळलं, पण इथेच सांगितलेलं बरं.

होळी झाली आणि ऊन वाढलं. खानदेशातलं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. माझ्या मुलाने मुलीला सांगितलं होतं की उन्हात टर्बोची हवा जास्त तापते, म्हणून दुपारी थोडी ताकद कमी वाटेल, घाबरू नका. तिने हे घरी सांगितलं. मास्तरांना यात आपल्याला करण्यासारखं काहीतरी दिसलं. पूर्वी जीपवाले रेडिएटरवर ओलं पोतं टाकायचे ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी कूलरला लावतात ते गवत आणलं, त्याची चपटी गादी केली, आणि गाडीच्या पुढच्या जाळीच्या आत, इंटरकूलरच्या बरोबर समोर तांब्याच्या तारेने बांधली. वर प्लास्टिकची बाटली, आणि दवाखान्यातल्या सलाईनची नळी. नळीची चकती फिरवली की थेंब थेंब पाणी गवतावर पडणार. रोज सकाळी मुलगी निघायच्या आधी ते बाटली भरायचे. पाणी घरच्या बोअरचं.

पहिले काही दिवस गाडी खरंच छान चालली. मुलीने फोनवर सांगितलं, "आता दुपारीसुद्धा मस्त ओढते." माझ्या मुलाला वाटलं मॅप बसला. त्याने मला सांगितलं, मी ढाबेवाल्याला सांगितलं. गवताचं ती बोलली नाही. बापाचा नाद आहे, करू दे, असं तिला वाटलं असणार.

बोअरचं पाणी इथलं जड आहे. पाणी सुकतं आणि क्षार मागे राहतो. त्या जाळीच्या बारीक पट्ट्यांमध्ये पांढरा थर बसत गेला, वर गवताची कुसळं अडकत गेली. वाराच आत जाईना. मागे रेडिएटर, त्यालाही वारा नाही. आणि इंजिनाची ताकद वाढवलेली, त्याला गार हवा जास्त लागते. मे महिन्यात भर दुपारी जळगावहून येताना गाडी गरम झाली. तिने थांबून पाणी टाकलं, परत निघाली, परत गरम झाली. मग धूर निघाला आणि गाडी बंद पडली. ती रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभी राहिली आणि तिने आधी बापाला फोन केला, मग माझ्या मुलाला.

मुलगा स्वतः बंद गाड्या ओढणारी टोचनगाडी घेऊन गेला. गाडी इथे आणली तेव्हा संध्याकाळ होती. इंजिनाचं वरचं झाकण, हेड म्हणतात ते, उचललं तर त्याखालची गॅस्केट फाटलेली आणि एक पिस्टन वरून वितळलेला. मग त्याने पुढचा बंपर काढला आणि मला हाक मारली.

जाळी पांढरी झाली होती. मी नख लावलं, खपली निघाली. मला ओळखायला वेळ लागला नाही. आमच्या कूलरच्या टाकीत, हंड्याच्या बुडाला दर वर्षी हेच असतं. पट्ट्यांमध्ये गवताच्या काड्या होत्या आणि एका कोपऱ्यात तांब्याच्या तारेचा पीळ राहिला होता. गवत नव्हतं. बाटली नव्हती. कोणीतरी काढलं होतं.

मी जाळी लिंबाच्या पाण्याने घासायला बसले. तो शेजारी उकिडवा बसून बघत होता.

"कोनी बांधं व्हई हाई?" मी म्हटलं.

"कोन बांधी? मास्तर."

दुसऱ्या दिवशी मास्तर बसने आले. गॅरेजमध्ये दोन गिऱ्हाइकं बसली होती, एक शिरपूरचा गाडीवाला आणि एक ढाब्यावरचा. मास्तर शेडखाली उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"माझी मुलगी भर उन्हात रस्त्यावर उभी होती," ते म्हणाले. "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. कंपनीच्या गाडीत हात घालू नये. तुमच्या त्या लॅपटॉपने इंजिन जाळलं."

घासलेली जाळी माझ्या मुलाच्या हातात होती. तारेचा पीळ टेबलावर होता. मास्तरांनी तो बघितला. मी बघितलं की त्यांनी बघितला. मुलाने त्यांच्याकडे बघितलं, गिऱ्हाइकांकडे बघितलं आणि म्हणाला, "चुकलं माझं, मास्तर. मॅप जास्त ओढला मी. इंजिन करून देतो."

मी तोंड उघडलं तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. मी सहसा गप्प बसत नाही.

मास्तर गेल्यावर मी म्हटलं, "तू कसाले खोटं बोलना?"

"तो तिना बाप शे, माय."

"आनि तू कोन शे?"

त्याचा हिशेब मला कळत होता. चार लोकांत बापाला खाली बघायला लावलं तर मुलगी येणार नाही, आणि आपण पडतं घेतलं तर म्हातारा विरघळेल. माणूस इंजिनासारखा असतो असं त्याला वाटत होतं, ताण कमी केला की सुरळीत चालतो.

मास्तर विरघळले नाहीत. आठवडा झाला आणि त्यांचा फोन आला की संबंध पुढे न्यायचा नाही, ज्याला आपलं काम कळत नाही त्याच्या हाती मुलगी कशी द्यायची. मुलाने स्वतःच कबूल केलं आहे, असं ते म्हणाले. आमच्याकडे कोणालाही विचारलं तरी लोक हेच सांगत होते. शिरपूरचा तो गाडीवालाही बसल्या बसल्या ऐकून गेला होता. तो खोटं सांगत नव्हता. त्याने कानांनी ऐकलं होतं.

ट्यूनिंगची गिऱ्हाइकं आधी कमी झाली, मग थांबली. एक जण तर गॅरेजसमोर गाडी उभी करून विचारून गेला, "तो पाचोऱ्याचं इंजिन जाळणारा हाच का?" मी म्हटलं, "हाच. तुझं आणलंय का जाळायला?" तो गेला. माझ्या बोलण्याने गिऱ्हाईक आलं असतं असंही नाही.

मुलाने इंजिन मात्र पूर्ण केलं. मॅप हलका करून परत बसवला आणि गाडी पाचोऱ्याला नेऊन त्यांच्या दारात लावून आला. मास्तर बाहेर आले नाहीत. मुलगी नोकरीवर होती.

मग मी ठरवलं की मी जाते. मुलाला सांगितलं नाही, धुळ्याला डोळे तपासायला चालले म्हटलं. धुळ्याहून पारोळा, पारोळ्याहून भडगाव, तिथून पाचोरा. उन्हाळा सरला होता पण बसच्या खिडकीतून गरम वाराच येत होता. मास्तरांचं घर रेल्वेच्या बाजूला आहे. ते ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मला बघून उठले.

"या अक्का. बसा."

मी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. क्षार, गवत, तार. म्हटलं, माझ्या मुलाने तुमची लाज राखली. आता तुम्ही त्याची राखा. खरं बोला.

त्यांनी पेपरची घडी केली, परत उलगडली. मग म्हणाले, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तिने रस्त्यावरून फोन केला तेव्हाच कळलं. मी तिला म्हटलं, पुढचं गवत काढून फेकून दे."

मला राग यायला पाहिजे होता. आला. "मग माझ्या मुलाच्या अंगावर का घातलं?"

"मी नाही घातलं. त्यानेच म्हटलं, चुकलं. मी त्याला म्हणायला लावलं नाही, अक्का."

"तुम्ही लग्नाला नाहीच म्हणणार होता."

ओट्यावर त्यांच्या औषधांचा डबा होता, आत कप्पे होते, प्रत्येक कप्प्यावर मुलीच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं.

"मला चक्कर येते," ते म्हणाले. "मागच्या वर्षी न्हाणीत पडलो, ती आली तेव्हा उचललं. ती गेली की कोण?"

"तुम्हीही या सोनगीरला. दोन खोल्या आहेत. माझ्या बोलण्याची सवय करून घ्यावी लागेल, एवढंच."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्यांना रस्त्यावर बसून भीक मागायला सांगितलं. "मुलीच्या सासरी जाऊन राहू?"

"मग असं तरी म्हणायचं होतं, मुलीशिवाय माझं चालणार नाही. इंजिनाचं निमित्त कशाला?"

"लोक काय म्हणाले असते? म्हातारा पोरीच्या पगारावर बसलाय, म्हणून तिला उजवत नाही."

"ते खरं आहे ना?"

"आहे," मास्तर म्हणाले. "म्हणून तर."

मी दात-ओठ खात आले होते. माझ्यासमोर एक घाबरलेला म्हातारा बसला होता, आणि त्याला शिव्या देऊनही तो मुलगी सोडणार नव्हता. मी पाणी प्यायले. ते म्हणाले जेवून जा. मी नाही म्हटलं.

तेवढ्यात मुलगी आली. रेल्वेने आली होती, खांद्याला पिशवी होती. मला बघून ती थांबली नाही, दचकली नाही. आत पिशवी ठेवली आणि म्हणाली, "चला मावशी, तुम्हाला स्टँडवर सोडते."

आम्ही चालत निघालो. गाडी दारात होती, तिच्याकडे तिने बघितलंही नाही.

"गवत मीच फेकलं," ती म्हणाली. "तिथल्या नाल्यात. बाटलीसकट."

"मग मुलाला सांगितलं का नाहीस?"

"त्यांना दिसलंच असणार. जाळी त्यांनीच साफ केली ना?"

"मी केली."

"मग तुम्हाला दिसलं."

"बापाला तोंडावर विचार."

"विचारलं. ते जेवायचे बंद झाले. गोळ्या घेईनात. मग मीच म्हटलं, जाऊ द्या, मला नाही करायचं लग्न." तिने पदर नव्हता म्हणून ओढणीनेच घाम पुसला. "तुमच्या मुलाने तेव्हा खरं सांगितलं असतं तरी हेच झालं असतं. बाबांनी दुसरं काही काढलं असतं. हाताचं काळं, नाहीतर हायवेवरचं घर."

"आणि तू?"

ती स्टँडवरचा फलक वाचत होती. "तुमची बस भडगाववरून जाणारी. ही नाही, ती कोपऱ्यातली. पुढच्या सीटवर बसा, मागे धक्के बसतात."

मी बसले. ती बस सुटेपर्यंत खाली उभी होती आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो.

घरी येऊन मी मुलाला सगळं सांगितलं. लपवण्यात काय अर्थ? तो एका ट्रकचं एअर फिल्टर झटकत होता. मास्तरांना माहीत होतं, हे ऐकल्यावर त्याचा हात थांबला. मग त्याने फिल्टर परत झटकला. तो स्वच्छ झाला होता तरी झटकत राहिला.

मी म्हटलं, "आता तरी लोकांना खरं सांग. तुझं काम तरी परत येईल."

"आता सांगितलं तर म्हणतील, लग्न मोडलं म्हणून म्हाताऱ्यावर ढकलतोय."

तेही खरं होतं. त्या वर्षी ज्याने त्याने मला खरं तेच सांगितलं आणि ते कोणाच्या उपयोगाला आलं नाही.

पाऊसपाणी होऊन गेल्यावर एका रविवारी ती आली. एकटी, गाडी घेऊन. मुलगा शेडबाहेर आला, हात पुसत. तिने गाडीतूनच सांगितलं, "गाडी कंपनीतून आली होती तशी करून द्या. बाबा म्हणतात, त्याचं काही आत असेल तर मी त्या गाडीत बसणार नाही. आणि त्यांना जळगावला दर महिन्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं."

"मॅप हलकाच आहे आता," तो म्हणाला. "काही होणार नाही."

"मला माहीत आहे."

त्याने वायर लावली. ती शेजारी बसून राहिली. मी दारात उभी होते. लॅपटॉपवर काहीतरी चालू झालं आणि तो पडद्याकडे बघत म्हणाला, "थोडं ठेवू का? अगदी थोडं. त्यांना कळणार नाही."

"मला कळेल ना रोज," ती म्हणाली. "काढून टाका."

त्याने काढलं. त्याला वेळ लागत नाही. घालायला सबंध दुपार गेली होती, तीन माणसं बसली होती. काढलं तेवढ्या वेळात माझा चहासुद्धा उकळला नाही.

मी तिला जेवायला बसवलं. शेवभाजी होती. तिने पोटभर खाल्लं, भाकरी परत मागून घेतली, आपलं ताट स्वतः घासून ठेवलं. मुलगा बाहेरच होता. जाताना तिने मला नमस्कार केला नाही. मी करू दिला नसता. नमस्कार सुनेने करायचा असतो.

गाडी हायवेला लागली. तो शेडच्या खांबाला टेकून बघत होता. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. दुसरी आई असती तर पाठीवरून हात फिरवला असता. मला ते येत नाही. म्हटलं, "जेवी ले."

"नंतर," तो म्हणाला. त्याने वायर गुंडाळली, लॅपटॉप पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला, तिथे जुने बेअरिंग असतात. ढाब्यासमोर एक ट्रक मागे मागे घेत आमच्या दिशेने येत होता, ड्रायव्हर हात बाहेर काढून खुणा करत होता.

"तो ट्रकवाला वाट देखी ऱ्हायना, माय," तो म्हणाला आणि पाना घेऊन गेला.